रेला सगळं आयतं मिळालं का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. 'स्टार वॉर्स'च्या २०१५ ते २०१९ या काळात आलेल्या तीन चित्रपटांची नायिका रे ही वाळवंटात भंगार वेचणारी मुलगी. तिला यान उडवता येतं, दुरुस्त करता येतं, मारामारी येते. स्वतःतल्या 'फोर्स'चा, म्हणजे त्या गोष्टीतल्या गूढ शक्तीचा, तिला नुकताच कुठे पत्ता लागलेला असतो, आणि तेवढ्यात ती कायलो रेनसारख्या तयार योद्ध्याला लाइटसेबरच्या, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीच्या, लढतीत हरवते. हे तिनं कमावलं असं वाटतं, की लेखकांनी तिच्या पदरात टाकलं? विचारणारे स्वतः अंतराळातली कादंबरी लिहीत आहेत. त्यांची नायिका ईरा एका चंद्रावरच्या जहाजतोडणीच्या यार्डात वाढलेली, सतरा वर्षांची. पहिला खर्डा वाचून मित्रांनी शेरा दिला, "हिला सगळंच कसं येतं?" आता पुढे प्रशिक्षणाची चार प्रकरणं घालावीत का, असं त्यांना वाटतं आहे.

प्रशिक्षणाची प्रकरणं घालू नका. का ते सांगते.

मी एकोणीस वर्षं मालिका आणि चित्रपटांच्या पटकथा लिहिते आहे. त्यातली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या संहिता दुरुस्त करण्यात गेली. "हिला हे कसं येतं?" हा शेरा मी समासात कितीदा लिहिला असेल याची गणती नाही. आणि त्यावर लेखक हमखास जो उपाय करतात, म्हणजे घाम गाळण्याचं एक दृश्य आणून चिकटवतात, तो बहुतेक वेळा लागू पडत नाही. कारण "येतं" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचं मोल वेगवेगळ्या तऱ्हेनं चुकवावं लागतं.

एक हुन्नर. पोटासाठी रोज करून करून हातात बसलेली गोष्ट. दुसरी शक्ती, म्हणजे जन्मतः मिळालेली देणगी. आणि तिसरी विद्या. गाण्याचं उदाहरण घेतलं तर लगेच कळेल. गळा ही देणगी आहे, तो कुणी कमावत नाही. रियाजानं तान सफाईदार होते, तो हुन्नर. पण भूपात मध्यम आणि निषाद घ्यायचे नाहीत, हे गळा कितीही गोड असला तरी कुणीतरी सांगावं लागतं, किंवा कुणाचं तरी ऐकून उचलावं लागतं. ती विद्या. ती हवेतून येत नाही.

रेच्या बाबतीत माझं मत असं: तिचा हुन्नर पुरेपूर कमावलेला आहे, इतका की त्या पहिल्या पंधरा मिनिटांची पटकथा मी शिबिरांमध्ये शिकवते. तिची शक्ती कमावलेली नाही, आणि ती तशी असायची गरजही नाही. घोटाळा विद्येत आहे. लोकांना खटकतं ते तिथलं, पण बोट ठेवलं जातं भलतीकडेच.

२०१५ च्या चित्रपटातली तिची ओळख आठवून पाहा. उलथून पडलेल्या प्रचंड युद्धनौकेच्या पोटात, तोंड गुंडाळून, दोरावर लोंबकळत ती एक सुटा भाग उचकटून काढते. बाहेर येऊन बाटलीतले शेवटचे थेंब झटकून तोंडात घेते. पत्र्यावर बसून वाळूच्या उतारावरून घसरत खाली येते. मग बाजारात बसून ते भाग घासते, आणि घासता घासता समोरच्या म्हातारीकडे बघते. म्हातारीही तेच करते आहे. एक शब्द नाही, पण ही मुलगी इथेच राहिली तर पन्नास वर्षांनी कुठे असेल ते त्या एका नजरेत कळतं. भंगारवाला तिला दिवसभराच्या मेहनतीचं पाव वाट्याचं खाणं देतो. ती घरी येते. घर म्हणजे कोसळलेलं यांत्रिक चालतं वाहन. भिंतीवर दिवस मोजायच्या रेघा ओढलेल्या. आणि जेवून झाल्यावर ती वैमानिकाचं एक जुनं हेल्मेट डोक्यात घालून बाहेर नुसती बसून राहते.

यात 'रेला यंत्रं कळतात' असं कुणीही म्हटलेलं नाही. पण जिला यंत्रातला कुठला तुकडा विकला जाईल हे ओळखल्याशिवाय रात्री भाकरी मिळत नाही, तिला यंत्र कळणारच. भुकेइतका कडक मास्तर दुसरा नाही. हुन्नर पटवायचा असेल तर तो शिकताना दाखवावा लागत नाही; तो नसता तर पात्र आज उपाशी झोपलं असतं, एवढं दाखवलं की पुरतं.

पुढे ती 'मिलेनियम फाल्कन' हे जुनाट यान पहिल्यांदा उडवते. उडवते म्हणजे काय, आधी जमिनीला घासत नेते, बाजाराची कमान पाडते आणि मग कसंबसं वर काढते. आणि पाठलाग चुकवायला शिरते कुठे? मोडलेल्या युद्धनौकेच्या आत. म्हणजे तिच्या रोजच्या कामाच्या जागी. पाठलाग करणाऱ्यांना तो सांगाडा नवखा आहे. हिनं असल्या सांगाड्यांत जन्म काढला आहे. हे मला फार आवडतं. नायिकेला कौशल्य वाढवून देण्याऐवजी लेखकांनी लढाईच तिच्या अंगणात आणली.

तिच्या चुकाही त्या चित्रपटात आहेत, लोक विसरतात. हान सोलो या जुन्या तस्कर वैमानिकाच्या मालवाहू जहाजावर दरवाजे बंद करायला म्हणून ती फ्यूज काढते, तर चुकीचे निघतात, आणि कोंडलेले राक्षसी प्राणी मोकळे सुटतात. तिला बंदूक मिळते, ती नेम धरते, चाप ओढते आणि बार उडत नाही, कारण सेफ्टी काढायचीच राहिली. ही सेफ्टीची चूक बारकी वाटते, पण खरी आहे. काठी चालवणाऱ्या मुलीच्या हातात पिस्तूल आलं तर पहिली चूक हीच होणार. हुन्नराला हद्द असली की त्यावर विश्वास बसतो.

आता शक्तीकडे. फोर्स तिच्यात जन्मतः आहे, आणि या सगळ्या मालिकेत ती सगळ्यांना तशीच मिळते. जुन्या चित्रपटांचा नायक ल्यूक, त्यानंही ती कमावली नव्हती. १९९९ च्या चित्रपटातला ॲनाकिन तर नऊ वर्षांचा पोर; मोठमोठ्यांना जमत नाही ती वेगाची शर्यत तो जिंकतो. देणगीचा हिशेब मागायचा नसतो. मागायचा असतो तो ती स्वीकारण्याचा. त्या बाबतीत रेचा पहिला चित्रपट चांगला आहे. ल्यूकचा लाइटसेबर हाताला लागताच तिला भलतंसलतं दिसतं, ती घाबरते, आणि "मला हे कधीही नको" म्हणून जंगलात पळून जाते. पळते म्हणूनच पकडली जाते. शेवटी बर्फात तोच सेबर कायलोच्या बाजूनं उडत येऊन तिच्या हातात बसतो, तेव्हा अंगावर काटा येतो तो शक्तीमुळे नव्हे. जिनं नाही म्हटलं होतं तिनं हात पुढे केला, याचा तो काटा आहे.

आणि ती लढत? त्यावर सगळ्यांत जास्त ओरड झाली, पण पटकथाकार म्हणून मला ती पटते. कायलोच्या कुशीत हानचा जुना साथीदार च्युबाका याच्या धनुष्यबंदुकीचा बार बसलेला आहे. त्या बंदुकीत किती जोर आहे हे आधीच दाखवलेलं आहे; हान ती चालवून बघतो आणि खूश होतो, समोरचे सैनिक हवेत उडतात. म्हणजे तो बार खाऊन माणूस उभा राहतो हेच नवल. त्याचं रक्त बर्फावर ठिबकतं आहे. त्यानं नुकतंच स्वतःच्या बापाला, म्हणजे हानला, मारलं आहे. रेचा साथी फिन यानं त्याला खांद्यावर जखम केली आहे. शिवाय त्याला रेला मारायचं नाही, शिकवायचं आहे, तसं तो बोलूनही दाखवतो. आणि रे वार कसे करते ते बघा: तलवारीसारखे फिरवून कमी, काठीसारखे भोसकून जास्त. तिचा जुनाच हात नव्या हत्याराला लागला आहे.

मग खटकतं कुठे? लढतीच्या बरंच आधी, कोठडीत.

खुर्चीला बांधलेली रे. समोर एकटा पहारेकरी. ती त्याला सांगते, माझे बंध सोड आणि दार उघडं टाकून जा. पहिल्यांदा तो "काय म्हणालीस?" विचारतो. दुसऱ्यांदा उलट बंध आवळायची धमकी देतो. तिसऱ्यांदा ती श्वास सावरते, आवाज खाली आणते, आणि तो मुकाट्यानं सोडतो. तीन प्रयत्न, दोन फसलेले. रचना उत्तम आहे. पण असं काही करता येतं हे तिला सांगितलं कुणी?

१९७७ च्या पहिल्या चित्रपटात ही युक्ती ल्यूकचा म्हातारा गुरू ओबी-वॉन करतो, नाक्यावरच्या सैनिकांवर, ल्यूकच्या डोळ्यांदेखत. ल्यूक चकित होऊन विचारतो की आपण सुटलो कसे, आणि म्हातारा समजावतो की दुबळ्या मनावर फोर्सचा प्रभाव पडतो. ल्यूक स्वतः ती युक्ती वापरतो कधी? १९८३ मध्ये, तिसऱ्या चित्रपटात, जब्बा या गुंडांच्या सरदाराच्या वाड्यात. तिथेही कारभाऱ्यावर चालते आणि खुद्द जब्बावर फसते. बघितलेली विद्या वापरायला सहा वर्षं आणि दोन चित्रपट. रेच्या बाबतीत मधलं अंतर काही मिनिटांचं आहे, आणि बघितलेलं तर काहीच नाही. ल्यूक स्कायवॉकर ही तिच्या लेखी दंतकथा होती.

मग आपल्यालाही थिएटरात ते दृश्य चाललं कसं? कारण ही युक्ती आपल्याला माहीत होती. आपण जुने चित्रपट पाहिलेले. लेखकांनी प्रेक्षकाच्या खात्यातली विद्या उचलून पात्राच्या खात्यात जमा केली. बघताना टाळ्या पडल्या, घरी गेल्यावर लोकांना चुकल्यासारखं वाटायला लागलं. जे नेमकं सांगता आलं नाही त्याला "हिला सगळंच येतं" हे नाव मिळालं, आणि मग बिचारीच्या यंत्रदुरुस्तीवरही लोक घसरले, जी खरं तर तिनं उपाशीपोटी कमावली होती.

वाईट याचं वाटतं की उपाय चित्रपटातच होता. त्याआधी कायलो तिच्या मनात घुसतो, ती प्रतिकार करते आणि उलट त्याच्या मनातली भीती बाहेर काढते. म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरता येतं, हे तिला तिच्याच अंगावर प्रयोग होऊन कळलेलं आहे. शत्रूनंच नकळत विद्या दिली. केवढी सुंदर कल्पना आहे ही! पण चित्रपट ती जोडून दाखवत नाही. पहारेकऱ्याकडे बघताना कायलोनं जसा हात तिच्या कपाळाशी धरला होता तसा हिनं नुसता हलवायचा प्रयत्न केला असता, हात बांधलेला म्हणून तो उचललाच गेला नसता, आणि मग फक्त आवाजावर काम भागवायला लागलं असतं, तर दोन सेकंदांत सगळं बसलं असतं.

ही कसोटी मी जुन्या चित्रपटांनाही लावते. १९८० च्या चित्रपटात ल्यूक बर्फाच्या गुहेत उलटा टांगलेला आहे, सेबर दूर बर्फात रुतला आहे, आणि तो फोर्सनं तो ओढून घेतो. हे त्याला पडद्यावर कुणी शिकवलेलं नाही. तरी चालून जातं, कारण आधी तो हात ताणून बघतो, पुरत नाही. पायाचा बर्फ सोडवू बघतो, सुटत नाही. मग डोळे मिटतो. शिवाय दोन चित्रपटांच्या मध्ये बराच काळ गेलेला आहे. न सांगितलेला काळसुद्धा गुरूचं काम करतो. रेच्या पहिल्या दोन चित्रपटांच्या मध्ये तो काळही नाही. दुसरा चित्रपट पहिल्याच्या शेवटच्या क्षणाला चिकटून सुरू होतो.

आपल्याकडे अभिमन्यूची गोष्ट सांगतात, चक्रव्यूहात शिरण्याची विद्या त्याला आईच्या पोटातच मिळाली. याहून आयती विद्या कुठली? पण ती अर्धीच मिळाली, आई झोपली, बाहेर पडायचं राहून गेलं. हजारो वर्षं लोक ती गोष्ट ऐकताना कुणी "त्याला कसं आलं?" विचारत नाही. सगळ्यांचं लक्ष न आलेल्या अर्ध्याकडे लागलेलं असतं. एकलव्यानं गुरूशिवाय विद्या मिळवली आणि मग तिचं मोल अंगठ्यानं चुकवलं. या गोष्टी रचणाऱ्यांना हिशेब पक्का ठाऊक होता.

आता रेवरच्या दुसऱ्या एका आरोपाबद्दल. रेला 'मेरी सू' म्हटलं गेलं. हा शब्द १९७३ चा. पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक' या मालिकेवरच्या हौशी लेखकांच्या कथांचं विडंबन म्हणून एक छोटी कथा लिहिली. तिची नायिका मेरी सू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत लहान लेफ्टनंट. ती सगळं करते आणि शेवटी मरते तेव्हा सगळे तिच्यासाठी रडतात. ही कथा लक्ष देऊन वाचली तर मर्म वेगळंच दिसतं. मेरी सूला सगळं येतं हे अर्धंच. तिला बघताक्षणी सगळ्यांना तिचं कौतुक वाटायला लागतं, हे दुसरं अर्धं. आजूबाजूची माणसं स्वतःचे स्वभाव सोडून तिच्याकडे कलतात.

या कसोटीवर रेच्या पहिल्या चित्रपटात एक दृश्य खरोखर नापास होतं. हान मेला आहे, यान परत आलं आहे. कायलोची आई लेया चालत येते, च्युबाकाच्या बाजूनं पुढे जाते, आणि मिठी मारते ती रेला. जिला ती पूर्वी भेटलेलीच नाही. हानबरोबर आयुष्य काढलेला च्युबाका बाजूनं निघून जातो. ते बघताना मला थिएटरात कसंतरीच झालं. रेनं ती मिठी कमावलेली नव्हती, आणि च्युबाकानं ती कमावलेली होती. आयती कला एक वेळ चालून जाते, आयती माया नाही. तुमच्या खर्ड्यात ईराला कोण कोण पहिल्याच भेटीत जीव लावतं ते मोजा. मला शंका आहे की मित्रांचा शेरा तिथून आला असावा.

आणि हो, मुलगी म्हणून रेची तपासणी जास्त कडक झाली, हे मी मानते. ल्यूक पहिल्यांदाच लढाऊ यानात बसून मृत्युतारा, म्हणजे शत्रूचं अजस्र अंतराळस्थानक, उडवतो. त्याच्या वैमानिकीचा मुख्य पुरावा म्हणजे घरच्या यानातून उंदरासारखे प्राणी टिपायचो, ही एक ओळ. तीन पिढ्यांना ती एक ओळ पुरली. रेला पंधरा मिनिटांचा पुरावा देऊनही पुरला नाही. पण म्हणून प्रत्येक आक्षेप द्वेषातून आला असं मी म्हणणार नाही. कोठडीतला प्रश्न रास्त आहे, आणि तो 'रे' नावाचा मुलगा असता तरी रास्तच राहिला असता.

२०१७ च्या चित्रपटाबद्दल लोकांची तक्रार की ल्यूक तिला धड शिकवतच नाही. खरं आहे, तीन धडे कबूल करून दोनच देतो. पण जो देतो तो फार मोलाचा आहे. फोर्स म्हणजे काय, असं विचारल्यावर रे म्हणते की जेडाय लोकांची, म्हणजे फोर्स वापरणाऱ्या योद्ध्यांची शक्ती, तिनं माणसं वश करता येतात आणि वस्तू तरंगवता येतात. ल्यूक म्हणतो, यातला शब्दन् शब्द चूक. शेवटी वाट अडलेल्या मित्रांसाठी ती दगडांचा ढीगच्या ढीग उचलते, म्हणजे जी व्याख्या हास्यास्पद ठरली होती तेच करते, पण आता कशासाठी उचलायचे हे कळून. मधल्या काळात ती हरलेलीही आहे. काळ्या गुहेत आईबाप दिसावेत म्हणून जाते आणि स्वतःचंच तोंड दिसतं. कायलोला आपण परत आणू या खात्रीनं शत्रूच्या जहाजावर जाते आणि तो येत नाही. आपले आईबाप कुणीच नव्हते हे तिला स्वतःच्या तोंडून म्हणावं लागतं, आणि दारूसाठी त्यांनी तुला विकलं, हे ती त्याच्या तोंडून ऐकते. १९८० च्या चित्रपटात ल्यूकचा हात तुटला तो सगळ्यांना दिसला. रेचं तुटलं ते भिंतीवरच्या त्या रेघांमध्ये होतं, म्हणून मोजणाऱ्यांच्या मोजण्यात आलं नाही.

२०१९ च्या चित्रपटानं मात्र ते सगळं पुसून टाकलं. ती जुन्या चित्रपटांतल्या खलनायक सम्राटाची नात निघाली. ज्या दिवशी शक्तीला खानदान चिकटवलं, त्या दिवशी भंगार वेचणाऱ्या मुलीचं काहीच उरलं नाही. देणगीला कारण लागत नाही. कारण दिलं की ती वारसाहक्क होते आणि मग लोक वाटणी विचारतात. एवढं मात्र त्या चित्रपटाच्या बाजूनं सांगते, जखम बरी करण्याची तिची नवी शक्ती नीट मांडलेली आहे. आधी ती भुयारातल्या एका जखमी नागावर वापरते आणि सांगते की मी माझ्यातला थोडा जीव त्याला दिला. किंमत लहान प्रसंगात सांगितली, मोठ्या प्रसंगात वसूल केली. आणि जेडायांचे जुने ग्रंथ तिच्याकडे आहेत हे आधीच्या चित्रपटात दिसलेलं आहे, त्यामुळे विद्येचाही माग लागतो.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्या कामाची आहे. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या मच्छीमार घराची मालिका लिहीत होते. नायिका भर समुद्रात बंद पडलेल्या होडीचं डिझेल इंजिन चालू करते, असा प्रसंग. त्यासाठी मी हर्णै बंदरात एका मेस्त्रीकडे दोन दिवस बसले. टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते, मग डिझेल भरून नुसती कळ मारून उपयोग नसतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि छोटा हातपंप अंगठ्यानं दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग निव्वळ डिझेल. बुडबुडा थांबला की दाबता दाबताच स्क्रू आवळायचा. मेस्त्री हे बोलता बोलता करत होता आणि त्याचं लक्ष स्क्रूकडे नव्हतंच; अंगठ्याला पंप जड लागायला लागला की त्याला कळत होतं.

मी दोन प्रसंग लिहिले. पहिल्या भागात दहा वर्षांची मुलगी बापासाठी बॅटरी धरून उभी आहे, आणि बाप दमल्यावर पंप तिच्या अंगठ्याखाली देतो. चाळिसाव्या भागात वादळात तीच मुलगी एकटी ते करते. भाग लांबला म्हणून संकलनात पहिला प्रसंग उडाला. मी भांडले नाही, मला वाटलं दुसरा आपल्या पायावर उभा राहील. प्रेक्षकांनी एकच विचारलं, या पोरीला इंजिन कुठून आलं? वादळ खरं होतं, अभिनेत्रीनं हात काळे केले होते, स्क्रू बरोबर फिरवला होता. सगळं असून बापाचा अंगठा बाजूला झाल्याची ती सात सेकंदं नव्हती.

म्हणून सांगते, प्रशिक्षणाची चार प्रकरणं घालू नका. अशा सात सेकंदांच्या जागा शोधा. 'एलियन्स' या १९८६ च्या चित्रपटात नायिका रिप्ली शेवटी माल उचलायच्या यंत्रात बसून राक्षसिणीशी लढते. तिला ते यंत्र चालवता येतं हे सुरुवातीलाच येऊन गेलेलं असतं, तेही सैनिकांच्या अंतराळयानावर, काहीतरी काम द्या म्हणून ती पेट्या उचलून दाखवते तेव्हा. बघताना तो पुरावा वाटत नाही, रिकामी बसू न शकणाऱ्या बाईचा स्वभाव वाटतो. पुरावा असा स्वभावाच्या पोटात लपवायचा.

ईराचं यार्ड लिहिण्याआधी मुंबईत असाल तर दारूखान्याकडे एक चक्कर मारा. जुनी जहाजं तोडण्याचं काम तिथे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. गॅस कटर चालवणारी माणसं पत्र्याला ज्योत लावण्याआधी काय करतात ते बघा. बंद टाकीत उरलेला वायू पेटून जीव जातात, त्यामुळे तिथला अनुभव म्हणजे मुख्यतः घाबरावं कशाला याची जाण. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात ईरा सीलबंद दरवाजा एका झटक्यात उघडते. तिला आधी पत्र्यावर तळहात ठेवू द्या, कान लावू द्या, आणि एकदा तरी "हा नको" म्हणून मागे फिरू द्या.

हे झालं हुन्नराचं. शक्तीला हात लावू नका, ती आहे तशी असू द्या, फक्त तिचा आजा कोण होता ते सांगायच्या मोहात पडू नका. विद्येसाठी एकच काम करा. सातव्या प्रकरणात ती पडणारं जहाज मनानं थोपवते. तसं थोपवता येतं हे तिनं कधी, कुणाला करताना पाहिलं? शत्रूला पाहिलं असलं तरी चालेल, अर्धवट पाहिलं असलं तर फारच उत्तम. तेवढा प्रसंग लिहा, पानभरच. आणि तो कटर तिच्या हातात पहिल्यांदा कुणी दिला, तेव्हा तो माणूस काय म्हणाला, तेही लिहून पाठवा. मी वाचीन.